गाणी भरून मिळतील

जबलपूरच्या मढातालमधल्या जयंती कॉम्प्लेक्समध्ये गाणी विकत मिळत नसत, भरून मिळत. काउंटरवर मेमरी कार्ड नाहीतर बोटाएवढा प्लेअर ठेवायचा, 'पुराने भर दो' की 'सिर्फ भजन' एवढं सांगायचं आणि खाली जाऊन चहा पिऊन यायचं. तेवढ्यात शेकडो गाणी आत गेलेली असत. भाव गाण्यावर नसे, जीबीवर असे. दुकानातल्या कॉम्प्युटरवर फोल्डर ठरलेले: किशोर, मुकेश, नवे पिक्चर, देवीगीत, कव्वाली, देशराज पटेरियांची बुंदेली लोकगीतं. मराठी मागितलं की काउंटरवरचा पोरगा जरा वेळ माऊस फिरवत बसे आणि म्हणे, "मराठी में तो भैया लावणी पड़ी है।" २०१६ मध्ये 'सैराट' आला तेव्हा त्या फोल्डरला सोबत मिळाली. नाट्यसंगीत, भावगीत, अभंग हवे असतील तर जबलपुरात दुकान नव्हतं.

खिशातल्या प्लेअरविषयी जगात पुष्कळ लिहून झालंय. ॲपलचा आयपॉड २३ ऑक्टोबर २००१ ला आला, पाच जीबीचा, खिशात हजार गाणी अशी त्याची जाहिरात, किंमत ३९९ डॉलर. १० मे २०२२ ला कंपनीने तो बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा मृत्युलेख लिहावेत तसे लेख आले. ते सगळे लेख, गाणं दुकानात मिळतं अशा गावांतले. आमच्याकडे प्लेअर सहज मिळाला. त्यात घालायचं मराठी गाणं मात्र माणसा-माणसांकडून गोळा करावं लागलं. त्या गोळा करण्यात जे घडलं, ते मला प्लेअरपेक्षा मोठं वाटतं.

जबलपूरच्या मराठी माणसाला आपण परमुलखात आहोत असं फार काळ वाटलंच नव्हतं. १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेईपर्यंत गाव नागपूरकर भोसल्यांचं. पुढे मध्य प्रांत झाला, त्याची राजधानी नागपूर. १८७० मध्ये मुंबईकडून येणारी आणि कलकत्त्याकडून येणारी रेल्वे इथे जुळली. रेल्वे, तारखातं, कचेऱ्या, पुढे गन कॅरेज फॅक्टरी, असं करत मराठी कारकून, मास्तर, ओव्हरसियर येत राहिले. मग १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्याने आखली गेली. जबलपूर मध्य प्रदेशात राहिलं, त्याला हायकोर्ट मिळालं. नागपूर मुंबई राज्यात गेलं. कोणी बिऱ्हाड हलवलं नाही, पण कालपर्यंत ज्याची बदली अमरावतीला व्हायची त्याची आता रीव्याला होऊ लागली. गोलबाजारातलं दत्त मंदिर टिकलं, गणपती टिकले, हळदीकुंकू टिकलं. गाण्याची मात्र अडचण झाली. जबलपूरचं आकाशवाणी केंद्र १९६४ चं, ते हिंदी. मराठी ऐकायचं तर रात्री मिडियम वेव्हवर नागपूर लावायचं आणि खरखर सोसायची.

मग कॅसेटचे दिवस आले. पुण्याला लग्नामुंजीला गेलेला माणूस अलूरकरांच्या दुकानातून दोन-चार कॅसेट घेऊन यायचा, आणि तो महानगरी एक्स्प्रेसमधून उतरण्याआधीच कॉलनीत बातमी पोचलेली असायची. आमच्याकडे एक वही होती. कोणी कोणती कॅसेट नेली, कधी परत दिली, शेवटच्या रकान्यात शेरा: 'ए साइड ओढली गेली आहे', 'गुंडाळून दिली नाही'. ही वही माझ्या आईच्या ताब्यात. तिने एकदा एका प्रतिष्ठित वकिलांना, मागची परत केल्याशिवाय नवीन मिळणार नाही, असं दारात सांगितलं होतं.

२००० नंतर घरात कॉम्प्युटर आला आणि बाबांनी या कॅसेट एमपीथ्री करायला घेतल्या. बाबांचा जन्म तारखात्यात गेला. जबलपूरला तार आणि टेलिफोनचं मोठं प्रशिक्षण केंद्र, वायरी जोडणं हा त्यांच्या हातचा मळ. तरी पहिल्या सात-आठ कॅसेट त्यांनी टेपरेकॉर्डरसमोर माइक ठेवून केल्या. डेकमधून वायर काढून कॉम्प्युटरच्या मागच्या निळ्या भोकात घालायची असते हे कोणी सांगेपर्यंत माणिक वर्मांच्या एका पदावर आमच्या कुकरच्या तीन शिट्ट्या कायमच्या बसल्या. त्या काळी मध्य प्रदेशात वीज दिवसातून कितीदा जाई याला गणती नव्हती. २००३ ची विधानसभा निवडणूक 'बिजली, सड़क, पानी'वरच लढली गेली. डेक भिंतीतल्या विजेवर, कॉम्प्युटर यूपीएसवर. त्यामुळे वीज गेली की डेकची मोटर मंदावे, माणिकबाईंचा आवाज जड होत होत पुरुषी व्हायचा आणि थांबायचा. कॉम्प्युटर मात्र इमानाने पुढचं सगळं टिपत राही, म्हणजे यूपीएसची टीं-टीं आणि बाबांचा एक उद्गार. उद्गार त्यांनी नंतर कापला. टीं-टीं काही ठिकाणी राहिली.

नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वद मिनिटंच लागतात, त्याला दुसरा उपाय नाही. एक उन्हाळा त्यात गेला. झालेल्या फाइली सीडीवर जाळून नागपूरला आत्याकडे गेल्या, तिच्या जावयाकडून इंदूरला गेल्या, आणि तिकडून त्यांच्याकडचं आमच्याकडे आलं. काही वर्षांनी इंदूरच्या एका लग्नघरात, दुपारच्या पेंगुळल्या वेळी, एका अनोळखी गृहस्थांनी कौतुकाने आपला इयरफोन माझ्या कानात घातला. "ऐका, दुर्मीळ आहे." दुर्मीळ होतंच. दुसऱ्या अंतऱ्याला आमचा कुकर वाजला.

आता त्या प्लेअरविषयी. माझा पहिला कुठल्याशा चिनी कंपनीचा, दोन जीबीचा, एका बारक्या सेलवर चालणारा. वीज नसली तरी सेल पानाच्या टपरीवर मिळतो, म्हणून तो डेकपेक्षा जास्त वाजला. त्याच्या पडद्यावर देवनागरीच्या जागी चौकोन दिसत. पण खरी मजा क्रमाची. बाबांनी 'गीतरामायण' संपूर्ण घातलं होतं. गदिमा आणि बाबूजींची छप्पन गीतं, १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक अशी वाजलेली. फाइलींना बाबांनी १ ते ५६ असे सरळ आकडे दिले. प्लेअर त्यांना आकडे मानत नव्हता, अक्षरं मानत होता. अक्षरांच्या हिशेबाने १ नंतर १० येतो, मग ११, १२, थेट १९ पर्यंत, आणि नंतर २. म्हणजे कुश-लव गायला बसले की पुढच्याच गाण्याला राघव मिथिलेला निघत, लगेच स्वयंवर, लगेच वनवास. कौसल्या पुत्रासाठी झुरते आहे हे नंतर. रामजन्माचं गीत सहावं, त्यामुळे ते छप्पन्नाव्यानंतर यायचं. रामायण संपायचं ते त्राटिकावधाने. आजी सकाळी ऐकायची. तिने तक्रार केली नाही; 'हा तुमच्या यंत्राचा राम' म्हणायची. एक ते नऊच्या आधी शून्य लावलं की सगळं सुरळीत होतं, हे कळायला वर्ष गेलं, आणि तेव्हा आजीनेच सांगितलं, आता राहू दे, मला तसंच पाठ झालंय.

दुसरी गंमत गाण्याच्या जातीची. एमपीथ्री फाइलीच्या शेपटाला एक चिठ्ठी असते, गाण्याचं नाव, गायक, अल्बम वगैरे. १९९६ मध्ये एरिक केम्प नावाच्या माणसाने ती ठरवली. एकूण १२८ बाइट. नावाला तीस, गायकाला तीस. रोमन लिपीत तीस अक्षरं पुरतात. युनिकोडमध्ये देवनागरीची एकेक खूण तीन बाइट खाते आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. 'पंडित कुमार गंधर्व' लिहायला जावं तर 'पंडित कुमा'पाशी जागा संपते. संगीतप्रकाराला एकच बाइट, आणि मूळ यादीत ऐंशी प्रकार. त्यात पोल्का आहे, ख्याल नाही, ठुमरी नाही, अभंग नाही. म्यूझिकल आहे, नाट्यसंगीत त्यात बसलं असतं, पण ते भरायचे कष्ट कोण घेतो? काही न भरता तो बाइट शून्यच राहिला तर यादीतला शून्य क्रमांकाचा प्रकार लागतो, आणि तो आहे ब्लूज. त्यामुळे माझ्या प्लेअरमध्ये भीमसेन जोशी, ज्योत्स्ना भोळे, बाबामहाराज सातारकर हे सगळे ब्लूज गात. अमेरिकेतल्या काळ्या मजुरांचं दुःखाचं गाणं ते, आणि आमच्या संतांचं; चूक एवढी काही मोठी नव्हती म्हणायचं.

आवाजाबद्दल मात्र मी इतका उदार नाही. एमपीथ्रीची सगळी युक्ती कानाच्या मर्यादेवर उभी आहे. मोठ्या आवाजाच्या शेजारचा लहान आवाज कानाला तसाही ऐकू येत नाही, मग तो साठवायचाच कशाला? सीडीवर सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट लागतात, १२८ मध्ये काम भागवायचं म्हणजे अकरातले दहा भाग टाकून द्यायचे. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग यांनी हे तंत्र घासूनपुसून घेतलं ते सुझान व्हेगा या गायिकेच्या साथीविना गायलेल्या एका गाण्यावर. तानपुरा कोणाच्या गावी नव्हता. तानपुऱ्याची जवारी म्हणजे वरच्या स्वरांचा तो बारीक धूर. १२८ वर त्याचा चुरा होतो, पाण्यातून ऐकल्यासारखा लागतो. तबल्याच्या किनारीवरचा 'ता' पडण्याआधीच त्याची पुसट सावली ऐकू येते. फिल्मी गाण्यात हे खपून जातं. विलंबित ख्यालात, जिथे दोन मात्रांमध्ये फक्त तानपुराच असतो, तिथे खपत नाही. आणि लांबीचं काय? १९९८ मध्ये कोरियाच्या सेहान कंपनीने काढलेला एमपीमॅन हा बाजारात आलेला पहिला प्लेअर ३२ एमबीचा होता. अर्ध्या तासाचा एक बडा ख्याल २९ एमबी घेतो. एक यमन भरला की यंत्र फुल्ल. त्या यंत्रामागे तीन-चार मिनिटांच्या गाण्याचं माप होतं, आणि ते आपलं नव्हे.

बोलणं मात्र त्यात झकास मावायचं. प्रवचनाला ३२ किलोबिट पुरतात. तासाला सुमारे साडेचौदा एमबी. जबलपुरात याचं मोठं गिऱ्हाईक ओशोंचं. इथल्या महाकोशल महाविद्यालयात ते १९६६ पर्यंत तत्त्वज्ञान शिकवत, आणि भंवरताल बागेतल्या मौलश्रीच्या झाडाखाली १९५३ मध्ये ज्ञान झाल्याचं ते सांगत. सकाळी त्याच बागेत फेऱ्या मारणाऱ्यांत कानात त्यांची प्रवचनं घातलेले लोक मी पाहिलेत. झाडापाशी येऊन थांबणारे थोडे. बहुतेकांचं लक्ष पावलांच्या आकड्याकडे.

खमरिया आणि गन कॅरेजच्या कामगारांची अडचण निराळी. संरक्षण कारखान्याच्या गेटातून असली उपकरणं आत नेता येत नाहीत. सायकलवर घर ते गेट एवढंच ऐकणं. मराठी मंडळातले एक निवृत्त मशिनिस्ट मला म्हणाले, "जाताना अभंग, येताना मुकेश. तीस वर्षांत उलटं कधी केलं नाही." शेवटची काही वर्षं प्लेअर होता, त्याआधी ते स्वतःच गुणगुणत. नोकरीचा सगळा काळ त्यांनी प्लेअरच्या खात्यावर मांडला, मी दुरुस्त केलं नाही.

हे सगळं बेकायदा होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ६३ व्या कलमात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड लिहिलेला आहे. संगीत कंपन्यांच्या संघटनेने कार्ड भरणाऱ्या दुकानांना रीतसर परवाने देण्याची योजनाही काढली होती. आमच्या दुकानदाराला तिचा पत्ता असावा असं त्याच्या चेहऱ्यावरून कधी वाटलं नाही. गायकाचा, वादकाचा पैसा बुडाला हे खरं. आमच्या घरातल्या कॅसेट विकत घेतलेल्या, पण कुकरसकट इंदूरला गेलेली प्रत कोणी विकत घेतली? माझं म्हणणं इतकंच की जबलपुरातल्या मराठी माणसाला पैसे द्यायचे असते तरी घ्यायला समोर कोणी नव्हतं. ॲपलचं गाण्यांचं दुकान भारतात उघडलं तेच २०१२ च्या डिसेंबरात. तोपर्यंत आमची दोन जीबी भरून वाहत होती.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि ही सगळी व्यवस्था दोन-तीन वर्षांत संपली. जयंती कॉम्प्लेक्समध्ये आता फोनचे कव्हर, काचा, चार्जर. गाणी भरण्याच्या पाट्या उतरल्या. मी रडत नाही. आज फोनवर दोन अक्षरं टाइप केली की माणिक वर्मा कुकरविना मिळतात, तेही चांगल्या आवाजात, आणि अलूरकरांकडे जायला महानगरीचं तिकीट लागत नाही. गावाबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाचं यात भलंच झालं. ज्येष्ठांसाठी सारेगामाने २०१७ मध्ये 'कारवां' काढला, जुन्या ट्रान्झिस्टरच्या घाटाचा, पाच हजार गाणी आधीच आत घातलेला. पुढे त्याची मराठी आवृत्तीही आली, आणि भाऊबीजेला मुंबईहून तो घेऊन येणाऱ्या भावांनी आमच्या कॉलनीतल्या निम्म्या मावश्या खूश केल्या. एक कळ दाबली की गाणं. क्रमाची भानगड नाही, चौकोन नाहीत.

पण त्यात जे नाही ते सांगतो. त्या स्वस्त चिनी प्लेअरना एक बारीक भोक असायचं, माइकचं. कळ दाबून धरली की रेकॉर्डिंग सुरू. फाइलीचं नाव आरईसी शून्य शून्य एक. घड्याळ कोणी लावलेलं नसे, त्यामुळे तारीख पडायची १ जानेवारी १९८०. त्या तारखेला, यंत्राच्या मते, आमच्या घरी फार गोष्टी घडल्या. आजीने भोंडल्याची गाणी म्हटली. मंडळाच्या गणपतीत पेटीवाल्या काकांनी शेवटची भैरवी वाजवली, आणि कोणीतरी मध्येच 'प्रसाद संपला का' विचारलं. संक्रांतीला ग्वारीघाटाकडे चाललेल्या बायकांनी ट्रॅक्टरमध्ये उभं राहून बंबुलिया म्हटली. बंबुलिया हे नर्मदास्नानाला जाताना म्हणायचं बुंदेली गाणं. साथ नसते, एका गटाने ओळ लांबवत सोडायची आणि दुसऱ्याने ती झेलायची. हे कुठल्या कंपनीकडे नाही. असणारही नाही.

आणि हे टिकाऊ नाही. सेलविना, विजेविना वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या फ्लॅश मेमरीतला विद्युतभार हळूहळू झिरपतो. कॅसेटसारखी खरखर वाढत नाही, फाइल एके दिवशी उघडतच नाही. आत बसवलेली लिथियमची बॅटरी असेल तर ती फुगते आणि मागचं झाकण उचलते. माझ्या पुतण्याने कॉलनीत फिरून असे पडलेले प्लेअर मागून आणले. त्याला जुन्या यंत्रांचा नाद. एकात त्याने नेटवरून फुकट मिळणारी प्रणाली घातली. आता चौकोन गेले, देवनागरी उमटते, फक्त ऱ्हस्व इकार अक्षराच्या उजवीकडे पडतो आणि 'विठ्ठल' पाय मोडल्यासारखा दिसतो. त्याचा रस यंत्रात, माझा आरईसी फाइलींमध्ये. अकरा प्लेअरपैकी चार उघडले. चारांतून निघालेलं सगळं त्याने दोन हार्ड डिस्कवर ठेवलंय, एक इथे, एक नागपूरला आत्याकडे. फाइलींना नावं द्यायचं काम माझ्याकडे आहे आणि ते रखडलंय, कारण आवाज ओळखणारी माणसं उरली नाहीत.

गेल्या हिवाळ्यात ग्वारीघाटावर सांगलीकडचे एक परिक्रमावासी भेटले. नर्मदा १३१२ किलोमीटरची. दोन्ही तीर चालायचे म्हणजे त्याच्या दुप्पट. महाराष्ट्रातून येणारे इतके की घाटावर मराठी ऐकू येणं नवलाचं राहिलेलं नाही. काकांच्या गळ्यात साबणाच्या वडीएवढी पेटी होती, कार्ड घालायची, बटणांची. फोन घरी ठेवून आले होते. "रेंजच्या मागे धावायला कोण आलंय?" आत हरिपाठ, नर्मदाष्टक आणि बराचसा सुधीर फडके. मी सहज बंबुलियाचं बोललो. बरमानच्या घाटावर त्यांनी ती ऐकली होती, तेव्हापासून डोक्यात होती, नाव माहीत नव्हतं. माझ्या फोनवरून ऐकवली तर म्हणाले, द्या.

घाटाच्या वरच्या बाजूला रिचार्जचं एक दुकान आहे, त्याच्याकडे लॅपटॉप आहे. त्याने काकांचं कार्ड घातलं, फाइल टाकली.

"असलं नाव नको," काका म्हणाले. "आरईसी काय? सांगलीत कोणाला कळणार? गाव लिहा." दुकानदाराने लिहिलं: बंबुलिया, जबलपूर. काकांनी पैसे विचारले, त्याने मान हलवली. परिक्रमावाल्यांकडून इथे कोणी घेत नाही. ते 'नर्मदे हर' म्हणून मंडल्याच्या दिशेला लागले. मी फोन परत घेत होतो तर दुकानदार म्हणाला, "भैया, यह वाली हम भी रख लें? यहाँ बहुत लोग माँगते हैं।"

"हओ," मी म्हटलं. "पण ट्रॅक्टरचा आवाज कापू नका."